मांड्यांचा हात

गोदावरीला भाकरी येत नव्हती. मराठवाड्यात जन्मलेली, मराठवाड्यातच दिलेली, चाळिशीला टेकलेली बाई, आणि तिला ज्वारीची भाकरी येत नाही, हे ऐकून माणसं आधी हसायची. मग कुणीतरी जाणतं माणूस म्हणायचं, अहो, त्या मांडेवाल्या गोदावरीबाई, त्यांनी भाकरीला हात लावायचा नसतो. की हसणारे गप्प व्हायचे आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीकडे बघावं तसे तिच्याकडे बघायचे. हसण्याचं तिला काही वाटत नसे. डोकं फिरायचं ते त्या बघण्यानं. मूर्तीला निदान नैवेद्य वेळेवर मिळतो.

मांडा हे काही रोजचं खाणं नव्हे. गहू ओलवून दळायचा, पीठ वस्त्रगाळ करायचं, कणीक तेलपाण्याचा हात लावून तिंबत राहायची आणि ओल्या फडक्याखाली पुष्कळ वेळ मुरू द्यायची. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही मुठींवर घेऊन फिरवत फिरवत मनगटावरून कोपरापर्यंत उतरवायचा. इतका पातळ, की पलीकडचा उजेड दिसावा. तो तसाच हातावरून चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. मध्येच फाटला की संपलं, फाटलेल्या मांड्याला ठिगळ नाही. नांदेडात, कंधारात, थेट देगलूरपर्यंत ज्या घरांत लग्नाला मांडे व्हायचे, त्या घरांना एकच हात ठाऊक होता, तो गोदावरीच्या सासूचा. सासूबाईंनी तो मोठ्या सुनेला, म्हणजे गोदावरीला, दिला.

नुसता हात दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी त्याबरोबर नियमही दिला. मांडे करणाऱ्या हातानं जातं ओढायचं नाही, धुणं बडवायचं नाही, राखेनं भांडी घासायची नाहीत, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे भाकरी कधी थापायची नाही. तळवा एकदा जाड झाला की कणीक कुठं ताणतेय, कुठं फाटणार, ते कळेनासं होतं, असं त्या म्हणायच्या. त्यांनी सुनांची वाटणीच करून टाकली होती. मोठीचा हात मांड्यांना, धाकटीचा घराला. झालं. धाकटी सौदामिनी चुलीपुढं बसली आणि कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या. गोदावरी ओसरीवर बसून वाती वळू लागली. लग्नाच्या तिथी नसल्या की चातुर्मासभर नुसत्या वाती. आळीतल्या जात्याला जुंपलेल्या सुना तिचा हेवा करायच्या, आणि गोदावरीलाही तेव्हा तो मानच वाटला. नव्या नवरीला काम नसणं हा मान वाटणारच, त्यात तिची काय चूक?

नवरा गेला तेव्हा त्या मानात काय दडलं होतं ते तिला कळलं. मागोमाग सासूही गेली. घर आता धाकट्या दिराचं, उद्धवरावांचं. उद्धवराव कचेरीत कारकून होते, माणूस वाईट नव्हता, पण बायकोच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. त्या घरात स्वयंपाक सौदामिनीचा, कोठी सौदामिनीची, आल्यागेल्याला ताक घालायचं तेही तिनंच. मोठी जाऊ असून गोदावरीला वाटीभर पीठ हवं झालं तरी धाकटीला विचारावं लागे. विधवेचं लाल आलवण नेसून ती ओसरीच्या कोपऱ्यात बसायची, आणि वाती वळायची.

बोलावणी मात्र यायची. लग्नघरची बैलगाडी दारात थांबायची, "मांडेवाल्या बाईंना न्यायला आलोय" म्हणून. तिथं गेल्यावर मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. आलवणातल्या बाईचं तोंड मांडवात दिसता कामा नये, पण पंक्तीत मांडे तिच्याच हातचे हवेत. व्याही मिशीवरून हात फिरवत विचारायचे, मांडे कुणाचे म्हणून, आणि घरचे अभिमानानं तिचं नाव सांगायचे. नाव पंक्तीत फिरायचं आणि बाई मागच्या अंगणात खापराची राख काढत असायची. दुसऱ्या दिवशी परत ओसरी.

कधीमधी तिला वाटायचं, आपणही चार भाकऱ्या टाकाव्यात. "सौदामिनी, आज तू पड जरा, मी बघते," असं ती म्हणायची. सौदामिनी लगेच उठून चुलीच्या आड उभी राहायची. "छे छे, जाऊबाई. हात बिघडला म्हणजे? सासूबाई वरून काय म्हणतील?" हे खरंच काळजीनं होतं की किल्ल्या हलू नयेत म्हणून, हे त्या माउलीच्या तोंडावरून कधी कळलं नाही. गोदावरीला मात्र जे कळायचं ते कळत होतं. या घरात आपल्याला दोनच जागा आहेत, एक खापरापुढची आणि एक ओसरीच्या कोपऱ्यातली, आणि दोन्ही दुसऱ्यांच्या मर्जीच्या.

मग जर्मनीची दुसरी लढाई लागली. गहू दिसेनासा झाला, साखर कंट्रोलात गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मांड्यांशिवाय व्याह्यांना न उठवणारी घरं ज्वारीच्या कण्यांवर लग्नं उरकू लागली. बैलगाड्या यायच्या थांबल्या. एक तिथी गेली, दुसरी गेली, सगळा वैशाख कोरडा गेला. घरात खाणारं एक तोंड जास्त आहे हे आता सौदामिनीला दिसू लागलं. बोलणं सरळ नसे. एकदा गोदावरी सहज म्हणाली की यंदा दिवाळीनंतर गहू येईल म्हणतात, तर सौदामिनी ताक घुसळता घुसळता म्हणाली, "मनातले मांडे खाऊन पोट भरत असतं तर काय हवं होतं, जाऊबाई." हसत म्हणाली. गोदावरीनं हातातली वात वळून पूर्ण केली, आणि त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की आपल्याला दाराला आतून कडी लावता येईल अशी एक खोली मिळवायची. मग काहीही करावं लागो.

ती संधी लातूरहून आली. रेणुकादास मास्तर हे तिच्या माहेरच्या लांबच्या नात्यातले. लातूरला मराठी मुलांसाठी चार मंडळींनी एक शाळा काढली होती आणि परगावच्या मुलांसाठी छोटं बोर्डिंग. तिथली स्वयंपाकीण काशीला निघून गेली होती. मास्तर नांदेडला काही कामानं आले असता ओसरीवर टेकले आणि म्हणाले, सोवळ्यातली कुणी बाई असेल तर सांगा, दोन्ही वेळचा स्वयंपाक, वर बोर्डिंगच्या मागं एक खोली. गोदावरी आतल्या दाराआडून ऐकत होती. खोली हा शब्द कानावर पडला आणि तिच्यानं राहवलं नाही.

"मी येते," ती म्हणाली.

मास्तरांनी विचारलं, रोजचा स्वयंपाक येतो ना? भाकरी, वरण, पिठलं, सगळं? गोदावरीनं जन्मात पहिल्यांदा धडधडीत खोटं सांगितलं, येतं सगळं. सौदामिनीनं डोळे विस्फारले, पण बोलली नाही. आपल्या घरातली बिनकामाची माणसं कमी होत असतील तर कोण आडवं येतं? उद्धवरावांना मात्र ते लागलं. त्यांनी संध्याकाळी वहिनीला एवढंच सांगितलं की आईनं जपलेला हात तुम्ही पोरांच्या भाकऱ्यांत घालवून राहिलात, आणि एकदा गेला की पुन्हा येत नाही. मग या घराला तुमचा काय उपयोग, हे ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

लातूरला बोर्डिंगमागची खोली लहान होती, पण दाराला कडी होती. गोदावरीनं पहिल्या संध्याकाळी ती दोनदा लावून पाहिली. मग ती स्वयंपाकाला लागली आणि तिची फजिती सुरू झाली.

तिला एकच रीत माहीत होती. तिनं ज्वारीचं पीठ फडक्यातून वस्त्रगाळ केलं. त्याला थंड पाणी घालून तिंबत बसली, आणि ओल्या फडक्याखाली झाकून मुरायला ठेवून दिलं. मुलं ताटं घेऊन बसेपर्यंत ते पीठ मुरून मुरून मेलं होतं. हातावर घ्यावं तर चिरा, तव्यावर टाकावं तर तुकडे. मुलांनी काहीही न बोलता ते तुकडे आमटीत बुडवून खाल्ले, आणि त्यांच्या न बोलण्यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिनं पीठ आणखी बारीक गाळलं, आणखी वेळ मुरवलं. माणूस अडचणीत सापडलं की आपल्याला येतं तेच अजून जोरानं करतं. भाकरी आणखी फुटली.

रेणुकादास मास्तर सज्जन होते, पण बोर्डिंगची मुलं अर्धपोटी झोपत होती. त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून, नजर खाली ठेवून, सांगितलं, "गोदावरीबाई, तुमचे मांडे मी जेवलोय. त्याबद्दल प्रश्नच नाही. पण पोरांना मांडे नकोत हो, भाकरी हवी. पुढच्या बाजारापर्यंत बघू, नाहीतर मला दुसरी बाई शोधावी लागेल." ते निघून गेल्यावर गोदावरीनं काठवट जमिनीवर आपटली. राग मास्तरांचा नव्हता. सासूचा होता, आणि सासू तर गेलेली. गेलेल्या माणसावर राग धरून बसणं म्हणजे भिंतीशी भांडणं.

बाजारच्या दिवशी चतुराबाई आली. ती रेणापूरकडची, शेत बाळगून असलेल्या घरची, बोर्डिंगला ज्वारी तीच आणून घालायची. पायली मोजून देता देता तिनं झाकलेली परात पाहिली आणि विचारलं, त्या फडक्याखाली काय आजारी माणूस निजवलाय का म्हणून. गोदावरीला आधी रडू आलं, मग तिनं सगळं सांगून टाकलं. चतुराबाई हसली नाही. म्हणजे थोडी हसली, पदर तोंडाला लावून, पण मग अंगणात फतकल मारून बसली.

आता पंचाईत अशी की सोवळ्यातल्या बाईच्या काठवटीला चतुराबाईचा हात लागायचा नाही, आणि हात धरल्याशिवाय भाकरी शिकवायची कशी? चतुराबाईनंच तोड काढली. तिनं अंगणात तीन दगड मांडले, बाजारात घरासाठी विकत घेतलेला नवा तवा काढला, आपलं पीठ घेतलं. गोदावरी उंबऱ्याच्या आत आपली काठवट घेऊन बसली. दोघींच्या मध्ये उंबरा, आणि उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चूल.

"आक्का, जवारी मुरवत न्हाईत," चतुराबाई म्हणाली. "मुरली की तिची विरी गेली, चिकटपना गेला. पानी कढत पायजे, हात भाजंस्तवर. वता, मळा आन् लगीच थापा. आन् तुमी तिला लेकरावानी का धरून राहिला? लई मऊ हात हाय तुमचा. मार द्या तिला."

गोदावरीनं कढत पाण्यात हात घातला आणि चटका बसून मागं घेतला. पुन्हा घातला. त्या दिवशी दुपारपर्यंत उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंनी थापण्याचा आवाज येत होता, अंगणातला एकसारखा, आतला अडखळत. चतुराबाईचा बाजार बुडाला. तिसरी की चौथी भाकरी गोदावरीच्या तव्यावर फुगली, टम्म फुगली, आणि गोदावरी तिच्याकडे बघत बसली ती करपायला लागेपर्यंत.

तिची नोकरी राहिली. हळूहळू भाकरीला पदर सुटू लागला, मग पिठलं आलं, आमटी आली, आजारी मुलाला पातळ कण्या कशा द्यायच्या ते आलं. बाईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं तसं सगळंच ताब्यात घेतलं. ज्वारीला कीड लागू नये म्हणून राख कधी मिसळायची, सरपण ओलं असलं तर गाडीवाल्याला परत कसं पाठवायचं, शाळेचे पाहुणे अवचित आले तर वरणात पाणी किती वाढवायचं, हे सगळं ती करू लागली. मुलं तिला काकू म्हणत. मास्तरांनी कोठीची किल्ली तिच्याकडे दिली, तेव्हा ती कमरेला लावताना तिला सौदामिनी आठवली.

आता यावर बाई सुखी झाली असं सांगून टाकावं, तर ते खरं नाही. तिचा तळवा जाड होत होता. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते, आणि रोज भाकरी थापताना सासूचं वाक्य तिच्या कानात थापलं जायचं. ती रात्री हातांना लोणी लावायची आणि सकाळी कढत पाण्यात तेच हात घालायची. हात गेला की आहे, हे बघायला गहू हवा, आणि तो कुठं मिळत नव्हता. मिळाला असता तरी तिनं करून पाहिलं असतं का? नसतं पाहिलं. न पाहिलेला हात निदान गेलेला तरी नसतो.

आणि चिडचिड व्हायची ती आणखी एका गोष्टीनं. भाकरीसाठी कुणी बैलगाडी पाठवत नाही. लातूरच्या बायका देवळात भेटल्या की विचारायच्या, तुम्ही बोर्डिंगातल्या सैंपाकीणबाई ना? नांदेडला तिला नाव होतं आणि घर नव्हतं. इथं घर मिळालं तर नाव पुसलं गेलं. दोन्ही एकदम न मिळण्याइतकं आपण देवाचं काय घोडं मारलं होतं, हे तिला कळत नसे. एकदा मुलांसमोर ती सहज म्हणाली की मला मांडे येतात, तर एका मुलानं विचारलं, मांडे म्हणजे काय? त्या पोराला तिनं दिवसभर उगीच ताक वाढलं नाही.

लढाई संपून वर्ष उलटून गेलं आणि एका माघात उद्धवराव स्वतः लातूरला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. विनीताचं, त्यांच्या थोरल्या मुलीचं, लग्न ठरलं होतं, आणि सोयरीक मोठ्या घरची होती. व्याह्यांनी बाकी काही मागितलं नव्हतं. त्यांच्या आईच्या लग्नात तुमच्या घरचे मांडे होते, तसे होऊ द्या, एवढंच.

"वहिनी, इज्जतीचा सवाल आहे," उद्धवराव म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या हातांकडे गेली, आणि तिनं हात पदराखाली घेतले. त्यांनी विचारलं, होईल ना? ती म्हणाली, बघू. ते म्हणाले, आजपासून तिथीपर्यंत भाकरीला हात लावू नका. गोदावरीनं आतल्या मुलांच्या पंगतीकडे बघितलं आणि ती वाढायला आत गेली. निघायच्या दिवशी सकाळपर्यंत ती भाकऱ्या थापत होती. पुढचे काही दिवस मास्तरांच्या घरून मुलांचं जेवण येणार होतं.

नांदेडच्या घरात सौदामिनीनं तिचं स्वागत केलं ते तिचे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघत. "अग बाई," एवढंच ती म्हणाली, पण घरातल्या सगळ्या बायकांना ते ऐकू गेलं. गहू कुठून कुठून ओळखी लावून गोळा केलेला, बरोबर पंक्तीपुरता. करून बघायला एक मूठही वरची नव्हती. म्हणजे पहिला मांडा तोच खरा. फाटला तर उद्धवरावांची मान व्याह्यांसमोर खाली जाणार, आणि दोष कुणावर यायचा हे काही पंचांग बघून ठरवायचं नव्हतं. हात घालवून बसली, घराचं नाव घालवलं. मग लातूरच्या खोलीची कडी कितीही घट्ट लावली तरी ते वाक्य आत येणारच होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिनं मागच्या अंगणात खापर चढवलं. कणीक तिंबून, मुरवून तयार होती. बायका कामाचं निमित्त काढून आजूबाजूला रेंगाळत होत्या. तिनं पुरण भरून गोळा मुठींवर घेतला आणि तिला कणीक लागेचना. म्हणजे हाताला नेहमी जशी लागायची, गार, ओलसर, तशी लागेना. जाड कातड्यामागून कुणीतरी दुसरंच त्या कणकेला धरून आहे असं वाटलं. गेला, तिच्या मनात आलं, गेला हात. पण मुठी फिरायच्या थांबल्या नव्हत्या. त्यांना तिला विचारायचं नव्हतं. गोळा मनगटावर उतरला, मनगटावरून पुढं सरकला, पसरला, कोपराशी आला, आणि त्यातून पलीकडच्या पारिजातकाचं खोड दिसू लागलं. तिनं तो खापरावर टाकला. कडेला एक घडी पडली होती. पूर्वी असली घडी ती ओल्या फडक्यानं, घाबरत घाबरत सोडवायची. आज तिनं तापल्या खापरावर उघडी बोटं टेकवली आणि घडी सरळ केली. घट्टे पडलेल्या बोटांना ते खापर कोमट लागलं.

एकही मांडा फाटला नाही. पंक्ती उठल्या, व्याह्यांनी दोनदा मागून घेतला, उद्धवरावांनी बाहेरून आत येऊन वहिनींना नमस्कार केला. आणि गोदावरी घट्टे पडलेले हात मांडीवर घेऊन खापरासमोर तशीच बसून होती, आतून संतापलेली. कुणाला वाटलं थकली, कुणाला वाटलं आनंद झाला.

बायका भोवती जमल्या. सौदामिनीनं जावेचा हात सगळ्यांसमोर वर धरला. "बघा. सासूबाईंची शिस्त म्हणतात ती ही. आयुष्यभर हा हात जपला, कशाला लावू दिला नाही, म्हणून आज आपली अब्रू राहिली." बायकांनी माना डोलावल्या. एक म्हातारी म्हणाली, पूर्वीच्या बायका उगीच नियम करत नव्हत्या.

"सौदामिनी," गोदावरी म्हणाली, "या हातानं मी इतकी वर्षं रोज भाकऱ्या थापल्या. परवा निघतानासुद्धा थापल्या."

बायका हसल्या. मांडेवाल्या बाई थट्टाही करतात, हे त्यांना आवडलं. हात अजून सौदामिनीच्या हातात होता, त्यावरचे घट्टे तिच्या बोटांखाली होते, आणि तीही हसत होती. त्या हसण्यापुढं काय करणार? माणूस खोटं बोललं तर पकडता येतं. ज्याला बघायचंच नाही त्याचं काय पकडायचं?

संध्याकाळी उद्धवरावांनी तिला बाजूला बसवून सांगितलं की आता गहू सुटेल, बोलावणी पुन्हा सुरू होतील, तेव्हा लातूर पुरे झालं. इथं या. तुम्हाला कसलं काम पडू देणार नाही, नुसतं ओसरीवर बसा. मनापासून सांगत होते ते, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. गोदावरीनं त्यांना सांगितलं की मांड्यांना बोलवाल तेव्हा येईन, पण राहीन लातूरलाच, मुलं जेवायची आहेत. उद्धवरावांना ते उद्धटपणाचं वाटलं. नावाजलेल्या बाईनं भाकऱ्यांसाठी परत जावं, यात त्यांना काही तर्क दिसेना. दुसऱ्या दिवशी ते तिला मोटारीपर्यंत पोचवायला आले नाहीत.

लातूरला ती पोचली तो बाजारचा दिवस होता. चतुराबाई मागच्या अंगणात पायली घेऊन बसलीच होती. गोदावरीनं खोलीची कडी काढली, हातपाय धुतले, आधण ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत आपल्या जागेवर बसली. मग तिला रडू फुटलं.

"मांडं फाटलं का?" चतुराबाईनं हळूच विचारलं.

"एकही नाही फाटला."

"मंग रडून का राहिला, आक्का?"

"एकही फाटला नाही म्हणून," गोदावरी म्हणाली.

चतुराबाईनं ज्वारी मोजायची थांबवली. पायली खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "तुमच्या सासूनं कदी थापून बगितली व्हती का भाकर?"

गोदावरीनं आठवून पाहिलं. सासूबाई खापरापुढं, सासूबाई ओसरीवर, सासूबाई वाती वळताना. काठवटीपुढं नाही, कधीच नाही. "नाही," ती म्हणाली. "त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं."

चतुराबाईनं पुन्हा पायली भरायला घेतली. आधणाला उकळी आली होती, आणि मुलं शाळेतून येण्याची वेळ झाली होती. गोदावरीनं काठवट पुढं ओढली आणि कढत पाण्यात हात घातला.